मळभरावांचा चौथा ऋतू

“आज हवा कुणाची, बाबा?” भिंगरीनं खांद्यावरची शिडी उतरवून नव्या बेकरीच्या भिंतीला टेकवली.

मळभरावांनी नाक वर करून हवा ओढली. उबदार, दमट, अंगाला चिकटणारी. रस्त्यापलीकडच्या जुन्या बेकरीच्या धुराड्यातला धूरसुद्धा वर जायचा कंटाळा करत होता.

“बेकरीवाल्याची,” ते म्हणाले. “लेकाचं पीठ आज परातीबाहेर येत असेल.”

“म्हणजे आपली नाही.”

“हवा आपली नसेना का! भिंत कोरडी ठणठणीत आहे. काल हात लावून पाहिलाय मी. रंगाखालच्या अस्तराचा एक हात सहज चालून जाईल. उघड डबा.”

भिंगरीनं डबा उघडला नाही. तिनं तळहात कपड्याला पुसला, भिंतीवर टेकवला आणि डोळे मिटून उभी राहिली. मग खिडकीखाली, मग दाराच्या बाजूला. मळभराव कपाळाला आठ्या घालून बघत राहिले. हात असा टेकवायचा, बोटं सैल सोडायची, घाई करायची नाही, ही सगळी त्यांचीच शिकवण. गुरूची विद्या आता गुरूवरच उलटणार, हे त्यांना तिच्या पाठीवरूनच कळलं.

“ओली आहे, बाबा. वरून नाही, आतून.”

त्यांचं खरं नाव बायकोला तेवढं आठवत असेल. बाकी सगळा रस्ता त्यांना मळभराव म्हणायचा. आभाळ राखाडी झालं, ऊन गेलं, लोक “काय मेली उदास हवा” म्हणत घरात शिरले, की हा माणूस कुंचा हातात घेऊन गाणं म्हणत बाहेर पडायचा. पाऊस नको, ऊन नको, वारा असावा पण धूळ उडवण्याइतका नसावा. अशा कोरड्या मळभात मारलेला रंग भिंतीवर जरा वेळ ओला राहतो, पुढचा हात त्यात मिसळून जातो आणि कुठे सुरुवात केली, कुठे थांबलो, हे शोधूनही सापडत नाही. बायको म्हणायची, “आमच्या लग्नाच्या दिवशी लख्ख ऊन पडलं होतं, तर हे तोंड पाडून बसलेले. मला वाटलं, मी पसंत नाही की काय!”

शाळेच्या पुस्तकात कुणी तीन ऋतू सांगतं, कुणी सहा. मळभरावांच्या घरात मात्र चारच. पहिला फुगीर, त्यात दारं चौकटीत अडकतात, भिंती पाणी पितात आणि रंगारी घरी बसून बायकोच्या कामात नाक खुपसतो. दुसरा खरवडा, वारा कोरडा होतो, जुन्या रंगाचे पापुद्रे सुटतात, रंगाऱ्याच्या केसांतून आठवडाभर चुना गळतो. तिसरा उतावळा, ऊन असं, की रंग भिंतीला पोचायच्या आधी कुंच्यावरच वाळतो. आणि चौथा रंगाचा. तो वर्षातून थोडेच दिवस येतो, न सांगता येतो, आणि आला की जेवणखाण सोडून कामाला लागायचं.

भिंगरी लहान असताना बाईंनी वर्गात ऋतू विचारले, तर हिनं उभं राहून हे चार सांगितले. वर्ग खो खो हसला. “हे कुठल्या महिन्यात येतात गं?” बाईंनी विचारलं. “ते भिंतीला विचारावं लागतं,” पोरीनं तोऱ्यात सांगितलं. घरी येऊन मात्र ती रडली. मळभरावांनी तिला खांद्यावर घेतलं आणि त्या दिवशी रस्त्यात भेटेल त्याला थांबवून ही हकिकत ऐकवली, इतकी की शेवटी लोक त्यांना लांबून बघून गल्ली बदलू लागले.

तीच भिंगरी आता स्वतंत्र काम घेऊ लागली होती. बेकरीचं हे काम पहिलं. बापाच्या नावावर नव्हे, तिच्या नावावर, तिनं बोलणी करून घेतलेलं. “ही माझी मालकीण, मी हिच्या हाताखाली,” अशी ओळख मळभरावांनी बेकरीवाल्याला करून दिली होती. बोलण्यात थट्टा होती, पण छाती चांगली वीतभर फुगली होती. बेकरी भर चौकात. भिंत चांगली झाली तर आख्खं गाव बघणार, आणि फोड आले तर तेही आख्खं गावच बघणार.

“ओली नाही,” मळभराव म्हणाले. “तुझा हात घामेजलाय.”

“पुसूनच लावला, बाबा.”

“मग डोकं घामेजलं असेल. रंग करतेस की वाद घालतेस?”

तेवढ्यात कोपरापर्यंत पिठानं माखलेला बेकरीवाला रस्ता ओलांडून आला. “काय हवा पडलीय, वा! पीठ नुसतं हसतंय आज. मग, लागला का हात?”

“काका, आज नाही जमायचं,” भिंगरी म्हणाली. “तुमचं पीठ फुगतं त्याच हवेनं आमची भिंत फुगते. आत ओल आहे. आज रंग दिला तर फोड येतील.”

“अगं, पण काल तुझे बाबाच म्हणाले, उद्या सुरुवात! रविवारी दुकान उघडायचंय, माणसांना बोलावून बसलोय मी.” तो मळभरावांकडे वळला. “पोरीचं राहू द्या. तुम्ही इतकी वर्षं घालवलीत यात. तुम्ही सांगा. तुमचा शब्द शेवटचा.”

भिंगरी फक्त बापाकडे बघत होती.

मळभराव पुढे झाले. उजवा तळहात त्यांनी भिंतीवर टेकवला, बोटं सैल सोडली. उन्हाची ऊब कळली. त्यापुढे काही नाही. ऊन लागलेल्या भिंतीची ऊब आणि कोरड्या भिंतीची ऊब यांत फरक असतो. ओल्या भिंतीत उबेच्या खाली कुठेतरी खोल गारवा दडलेला असतो, तो त्यांना झोपेतसुद्धा कळला असता. त्यांनी हात दाबला. तो भिंतीवर हातमोजा टेकवावा तसा नुसता पडून राहिला.

हे आजचं नव्हतं. गेले काही महिने शर्टाची बटणं लावताना बोटं चुकत होती. एकदा चुलीवरून उतरवलेलं भांडं त्यांनी फडक्याशिवाय उचललं आणि निवांत खाली ठेवलं. बोटांना ऊब तेवढी लागली होती; बायको किंचाळली तेव्हा त्यांना कळलं की भाजायला हवं होतं. “वयाबरोबर नसा मंदावतात,” असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. “भिंगरीला बोलू नकोस,” असं त्यांनी बायकोला बजावलं होतं. रंगाऱ्याचा हात गेला म्हणजे काय उरलं? कुंचा तर कुणीही धरतो. आणि काल पोरीच्या आधी पुढे होऊन, भिंतीची ऊब तेवढी चाचपून, त्यांनी बेकरीवाल्याला शब्द देऊन टाकला होता. एवढंच नाही, तर रंग कसा दिसतो ते दाखवायला म्हणून खिडकीखाली हातभर पट्टाही मारून ठेवला होता.

हो म्हटलं असतं तर आज त्यांची लाज राहिली असती. भिंतीचं काय व्हायचं ते नंतर झालं असतं, आणि नाव भिंगरीचं गेलं असतं.

त्यांनी हात खाली घेतला. “मालकीण ती आहे,” ते म्हणाले. “ती ओली म्हणते ना, मग भिंत ओली आहे.”

“आणि तुमचा हात काय म्हणतो?”

“माझ्या हाताला आता कळत नाही.”

हे त्यांनी एवढ्या मोठ्यानं म्हटलं की शेजारच्या दुकानातला माणूसही वळून बघू लागला. मळभराव ताठ उभे होते. “काल मी सांगितलं ते चुकीचं होतं. हिचं बरोबर आहे. हिच्या हाताला कळतं, आणि तो हात मी तयार केलाय. माझ्यावर विश्वास असेल तर हिच्यावर ठेवा.”

बेकरीवाला काही वेळ पिठाचे हात एकमेकांवर चोळत राहिला. “पिठात बोट घातल्याशिवाय मीही ट्रे भट्टीत सारत नाही म्हणा,” तो पुटपुटला. मग आवाज चढवून म्हणाला, “पण शुक्रवारी रंग लागायला हवा. नाहीतर मी दुसरा माणूस आणीन, आत्ताच सांगून ठेवतो. मग रुसायचं नाही!”

तो गेल्यावर भिंगरी बापाशेजारी उपड्या डब्यावर बसली. तिचे डोळे भरले होते आणि ती भयंकर चिडलीही होती. “सांगितलं का नाहीत मला?”

“आत्ता सांगितलं की.”

“सगळ्या रस्त्याला सांगितलंत!”

“त्यात तू आलीसच.”

ती हसली, मग हसता हसता नाक पुसू लागली. मळभरावांनी तिच्या डोक्यावर टपली मारली आणि म्हणाले, “ऊठ. मालकीण रडायला लागली तर नोकरांनी काय करायचं?”

संध्याकाळी घरी भिंगरीच्या आईनं सगळं ऐकून घेतलं. “हात दाखवून अवलक्षण,” ती म्हणाली. “काल कोण बोलायला गेलं होतं पुढे पुढे?” पण तिनं नवऱ्याच्या शर्टाची बटणं काढून दिली, आणि आज पहिल्यांदाच त्यांनी तिचा हात झटकला नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन तापलं. “उतावळा,” भिंगरी आभाळाकडे बघून म्हणाली आणि भिंत तशीच तापू दिली. बेकरीवाला दोनदा येऊन घसा खाकरून गेला. त्याच्या पुढच्या दिवशी कोरडा वारा सुटला, आणि दुपारी मळभराव खिडकीखाली वाकले तेव्हा त्यांना दिसलं, की त्यांनी मारलेल्या हातभर पट्ट्यावर फोड उठले होते. बारीक, चमकदार, भाजलेल्या कातडीवर येतात तसे.

भिंगरीनंही पाहिलं. तिनं पिशवीतून खरवडायची पत्ती काढली आणि बापाच्या हातात दिली. मळभराव गुडघे मोडून खाली बसले आणि स्वतःचा रंग स्वतः खरवडू लागले. रस्त्यावरून जाणारे बघत होते. बेकरीवाला दारातून बघत होता. मळभरावांनी अंग चोरलं नाही. उलट एका मोठ्या फोडावर पत्तीचं टोक ठेवून त्यांनी त्याला हाक मारली, “या, या, बघा! सगळ्या भिंतीवर हेच मिळालं असतं तुम्हाला. वाचवलं तुम्हाला पोरीनं!”

“तुम्हालाही वाचवलं,” बेकरीवाला म्हणाला.

“तर! मला आधी.”

शुक्रवारी पहाटेच मळभरावांना जाग आली. खिडकीत प्रकाश होता, पण सावल्या नव्हत्या. ते अनवाणी दारात गेले. आभाळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत राखाडी होतं, कुठे चीर नाही, आणि वारा असा, की दोरीवरचा रुमाल हलावा पण उडू नये. शेजारीण पायरी झाडता झाडता म्हणाली, “काय बाई, उठल्या उठल्या उदास वाटायला लागलं.”

“उदास?” मळभराव ओरडलेच. “अहो, वर्षातला सोन्याचा दिवस आहे हा! भिंगरे, ऊठ!”

बेकरीपाशी पोचल्यावर मात्र ते तिच्या मागे उभे राहिले. भिंगरीनं तळहात पुसला, भिंतीवर टेकवला. इथे, तिथे, खिडकीखाली, दाराशी. खिडकीखाली तिनं जरा जास्तच वेळ लावला. बेकरीवाला हात बांधून बघत होता आणि त्याच्या हाताला आज पीठ नव्हतं. या हवेत ते मुळी फुगलंच नव्हतं.

“कोरडी,” ती म्हणाली.

मळभरावांनी स्वतःचा हात लावून पाहिला नाही. त्यांनी डबा उघडला, अस्तर ढवळलं, कुंचा झटकून तिच्या हातात दिला. शिडी लावली. सवयीनं त्यांचा पाय पहिल्या पायरीवर गेलासुद्धा. मग त्यांनी तो खाली घेतला आणि बाजूला झाले.

इतकी वर्षं ते वर चढत आले आणि खाली कुणीतरी शिडी धरत आलं. आधी हाताखालची माणसं, मग बायको, मग भिंगरी. शिडी कशी धरतात हे त्यांना कधी शिकावंच लागलं नव्हतं. त्यांनी दोन्ही बाजूंचे बांबू मुठीत पकडले, पाय रोवले.

भिंगरी चढली. वरच्या पायरीवर थांबून तिनं आभाळाकडे पाहिलं आणि खाली वाकून विचारलं, “आज हवा कुणाची, बाबा?”

“तुझी,” मळभराव म्हणाले. त्यांचा आवाज चौकाच्या पलीकडे जाईल एवढा होता. “एका दमात घे. मध्ये थांबू नकोस.”

कुंचा भिंतीवरून फिरू लागला. वर बघून त्यांची मान अवघडली, तशी त्यांनी ती खाली घातली आणि डोळे मिटले. बांबू गुळगुळीत आहे की खरबरीत, ते त्यांच्या तळव्यांना कळत नव्हतं. पण लेकीनं उजवीकडे भार टाकला, डावीकडे टाकला, टाचा उचलून पुढचा हात मारला, ते सगळं शिडीतून उतरून त्यांच्या मनगटापर्यंत येत होतं. त्यांनी मूठ आणखी घट्ट केली.