मेजर चुकले तर कुणाकडे जायचं?

दोन महिन्यांत इमारतीत तीन घरफोड्या झाल्या, आणि तेव्हापासून प्रूफकाकांची झोप उडाली. पहिली चोरी वरच्या मजल्यावर झाली तेव्हा त्यांनी नवं कुलूप आणलं. दुसरी तळमजल्यावर झाली तेव्हा दाराला आतून साखळी लावून घेतली. तिसरी मात्र त्यांच्या समोरच्याच घरात झाली, तीही भरदुपारी. काकू घरातच होत्या. त्यांनी काहीतरी ओढल्याचा आवाज ऐकला होता, पण शेजारी कपाट सरकवत असतील असं समजून त्या भाजी चिरत राहिल्या. "चोर माझ्यापासून दहा पावलांवर होता हो," असं त्या नंतर आठ दिवस म्हणत होत्या, आणि प्रत्येक वेळी काका उठून दाराची कडी तपासून येत होते.

प्रूफकाका म्हणजे दुसऱ्या मजल्यावरचे मुद्रितशोधक. पाठ्यपुस्तकं छापणाऱ्या एका प्रकाशनसंस्थेत ते सत्तावीस वर्षं प्रुफं तपासत होते. खाली सूचनाफलकावर 'पाणि येणार नाहि' असं लिहिलेलं दिसलं की लाल पेनाने वेलांट्या बदलल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. म्हणून इमारतीने त्यांना हे नाव दिलं होतं. माणूस सज्जन, पण भित्रा. चारचौघांत बोलायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचा.

तिसऱ्या चोरीनंतर गाड्या लावायच्या जागेत सभा भरली. प्रत्येक जण घाबरलेला आणि प्रत्येकाचा संशय दुसऱ्यावर. कुणी म्हणे भाडेकरूंवर लक्ष ठेवा, कुणी म्हणे दूधवाल्याला आत सोडू नका. तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे मेजर उभे राहिले. ते खरोखर मेजर होते की नुसतेच ताठ चालत होते, हे कुणी कधी विचारलं नव्हतं.

"बंदोबस्त मी करतो," ते म्हणाले. "पण मध्ये मध्ये प्रश्न नकोत. नियम मी करणार, ते राबवणार मी, आणि कुणी मोडले तर काय करायचं तेही मीच ठरवणार. पटत असेल तर इथे सह्या करा."

बत्तीस घरं होती. बत्तीस सह्या झाल्या. काकांनी सही केली आणि कित्येक दिवसांनी त्यांना हायसं वाटलं.

मेजरांनी शब्द पाळला, हे सांगायलाच हवं. महिन्याभरात कॅमेरे लागले, फाटकाशी वही आली, लिफ्टला प्रत्येक घराचं वेगळं कार्ड आलं. चोऱ्या थांबल्या. मग हळूहळू फलकावर सूचना वाढत गेल्या. जिन्यात थांबून बोलू नये. पाहुण्यांची आदल्या दिवशी नोंद करावी. जिन्यातले दिवे एकाआड एक बंद राहतील. त्या सूचनांत चुका असत. काका त्या वाचत, खिशातल्या लाल पेनाला हात लावत, वर कॅमेऱ्याकडे बघत आणि पुढे जात.

एका सोमवारी सकाळी नवीन कागद लागला. तिसऱ्या मजल्यावरच्या टेलरताईंचं शिवणकाम त्या दिवसापासून बंद. त्यांच्याकडे बाहेरच्या कुणालाही प्रवेश नाही. लिफ्टचं कार्ड एक महिना रद्द. कारण एकाच ओळीत होतं: 'इमारतीच्या सुरक्षेला धोका.'

टेलरताई आपल्या म्हाताऱ्या आईसोबत राहत. ब्लाउज, गणवेश, पडदे, मिळेल ते शिवत. आईची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिसला न्यावं लागे.

"अहो, आजींना जिन्याने कसं उतरवणार ती?" काकूंनी विचारलं.

"मेजरांना काहीतरी कळलं असेल."

"काय कळलंय?"

"ते आपल्याला कशाला सांगतील?"

"का नाही सांगणार? आपण त्यांच्या घरी भाड्याने राहतो का?"

 काकांनी डबा उचलला आणि ते ऑफिसला निघाले. पण वाटेत तेच डोक्यात. उद्या आपल्याबद्दल असा कागद लागला तर?

त्या आठवड्यात त्यांच्या टेबलावर एक नवीन पुस्तक होतं. राज्य कसं असावं, यावर जगातल्या मोठ्या विचारवंतांनी काय सांगितलं, ते महाविद्यालयीन मुलांसाठी सोपं करून लिहिलेलं. लिहिणाऱ्या बाई निवृत्त प्राध्यापिका होत्या. पंचाहत्तरी उलटलेली, आवाज अजून वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल असा. प्रुफं त्या घरी मागवत नसत. दुपारी स्वतः येऊन काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसत.

पहिल्याच प्रकरणात काका अडकले. साडेतीनशे वर्षांपूर्वी, देशात यादवी माजलेली असताना लिहिणारा एक विचारवंत. त्याचं म्हणणं असं की राज्य नसेल तर माणूस माणसाला भितो, कुणालाच शांत झोप लागत नाही. म्हणून सगळ्यांनी आपले अधिकार एकाच बलवान सत्तेच्या हाती द्यावेत आणि निर्धास्त व्हावं. काकांना वाटलं, या माणसाने आपल्या इमारतीतली सभा पाहिली असावी. त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'हे तर अगदी बरोबर आहे. मग पुढची प्रकरणं कशासाठी?'

बाईंनी ते वाचलं आणि चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. "सत्तावीस वर्षं तुम्ही माझे काने आणि वेलांट्या दुरुस्त करताय. आज पहिल्यांदा प्रश्न विचारलात. काय झालंय?"

आधी आढेवेढे घेतले, मग काकांनी सगळं सांगितलं. चोऱ्या, सह्या, टेलरताई, आजी. शेवटी म्हणाले, "पण बाई, मेजर वाईट नाहीत. खरंच त्यांनी चोऱ्या थांबवल्या."

"ते चांगले की वाईट, हे मी विचारतच नाहीये," बाई म्हणाल्या. "मला एवढंच सांगा, ते चुकले तर तुम्ही कुणाकडे जाणार?"

काका लाल पेनाचं टोपण उघडझाप करू लागले.

"नाही ना सुचत? पुढची प्रकरणं त्याच्यासाठी आहेत. या पहिल्याने भीती खरी ओळखली. तुम्हाला झोप लागली, ती काही खोटी नाही. पण पुढच्या पिढीतल्या एकाने विचारलं, की राखणदारच अंगावर आला तर? तो म्हणाला, सत्ता लोकांच्या संमतीने चालते; त्यांचं रक्षण करायचं सोडून ती त्यांनाच छळू लागली, तर संमती परत घेता येते. सही केली म्हणून माणूस स्वतःला विकत नाही."

"आणि तिसरा?"

"तो कायद्याचा माणूस होता. त्याला माणसाच्या स्वभावावर फारसा भरवसा नव्हता. ज्याच्या हाती सत्ता येते तो ती ताणून बघतोच, असं त्याचं निरीक्षण. म्हणून नियम करणारा वेगळा, राबवणारा वेगळा आणि निवाडा करणारा वेगळा हवा. एकाने दुसऱ्याचा हात धरायचा. तुमच्या मेजरांचा हात धरणारं कुणी ठेवलंच नाहीत तुम्ही." बाईंनी पानं उलटली. "मग एक असा, जो म्हणाला की आपण मिळून केलेला कायदा पाळतो तोच माणूस स्वतंत्र. आणि त्याच्यानंतर एकाने तर असंही बजावलं, की सगळं गाव एका बाजूला आणि एकच माणूस दुसऱ्या बाजूला असला, तरी त्याचं तोंड दाबू नका. कदाचित त्याचंच खरं असेल."

"मोठी माणसं," काका म्हणाले.

"मोठी होती, पण आंधळीही होती. त्यांच्यातल्या बहुतेकांच्या 'लोकां'मध्ये बायका नव्हत्या, गरीब नव्हते. ते दार पुढच्यांना ठोठावावं लागलं. म्हणून सांगते, पुस्तकात लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. हे विचार कुणीतरी उठून वापरतं, तेव्हाच त्यांचं सरकार होतं. नाहीतर ती नुसती परीक्षेची टिपणं."

काका घरी आले ते दुप्पट बेचैन होऊन. आधी फक्त चोरांची भीती होती. आता मेजरांची होती, आणि स्वतःच्या गप्प बसण्याचीही.

बुधवारी सकाळी जिन्यात गडबड ऐकू आली. टेलरताई आणि इमारतीतच राहणारा त्यांचा मावसभाऊ प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आजींना खाली उतरवत होते. आजींनी डोळे घट्ट मिटले होते. वळणावर खुर्ची कलली, ताईंचा पाय सटकला, आणि दारात उभ्या असलेल्या काकांनी काही विचार न करता खुर्चीचा पुढचा पाय धरला. आजींचा हात त्यांच्या मनगटावर आला. थंडगार आणि कागदासारखा हलका. दोन मजले उतरेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

खाली मेजर उभे होते.  फाटकावरच्या वहीत त्यांनी एक ओळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी काकूंचं लिफ्टचं कार्ड चालेना. फलकावर कागद होता: नियम मोडणाऱ्यास मदत केल्याबद्दल पंधरा दिवस. काकूंचे गुडघे दुखरे होते. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या धापा टाकत वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. काकांना वाटलं, आता आपल्यालाच बोल लावतील.

"मी जाऊन माफी मागतो मेजरांची," ते पडलेल्या आवाजात म्हणाले.

"मागा आणि मग घरी येऊच नका," काकू म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचं मी बघते. तुम्ही काय करायचं ते बघा."

काकांनी कपाटातून इमारतीची जुनी नियमावली काढली. एक पंचमांश घरांनी लेखी मागणी केली तर सभा बोलवावीच लागते, असं त्यात होतं. म्हणजे सात सह्या. शनिवारी ते दारोदार फिरले. प्रत्येक मजल्यावर कॅमेऱ्याचा लाल दिवा होता. दारं साखळीपुरतीच उघडत. "पटतंय हो, पण आमचं नाव नको." "पुन्हा चोरी झाली तर तुम्ही जबाबदार का?" एका घरात तर आतून टीव्हीचा आवाज येत होता, पण दार उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत स्वतःची धरून सहा सह्या झाल्या. सातवी मिळाली ती अशा घरातून, जिथे काका जायलाच कचरत होते. ज्यांच्याकडे तिसरी चोरी झाली होती, ते समोरचे शेजारी म्हणाले, "चोराने माझ्या कपाटातलं सगळं नेलं काका. या कागदांनी माझी झोप नेलीय. कुठे करू सही?"

रविवारी दुपारी सभा भरली. मेजर फाईल घेऊन आले होते. "चोऱ्या थांबल्या की नाही?" त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला. बऱ्याच माना हलल्या. काका उठले. चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"थांबल्या, आणि त्याबद्दल मी तुमचा आभारी आहे," ते म्हणाले.  "दिवसभर अक्षर न् अक्षर वाचणारा मी माणूस. पण आपण काय देऊन टाकतोय हे न वाचताच मी सही केली. ती चूक तुमची नाही, माझी आहे. आज मला फक्त एक विचारायचंय. टेलरताईंनी नेमकं काय केलं?"

मेजरांनी फाईलमधून कॅमेऱ्याचं एक छायाचित्र काढलं. तिसऱ्या मजल्यावर एक अनोळखी बाई, बंद दारासमोर मोबाइल धरून उभी. "कुलपाचे फोटो काढत होती. यांच्याकडे आलेली."

छायाचित्र हातोहात फिरत टेलरताईंपर्यंत पोचलं. त्यांनी ते उजेडाकडे धरून नीट पाहिलं.

"ही माझ्याकडे मुलीचा गणवेश न्यायला आली होती," त्या म्हणाल्या. "जिन्यातला दिवा बंद होता. दारावरचा नंबर दिसेना, म्हणून मोबाइलचा उजेड पाडत होती. हे बघा ना, दारावर उजेड पडलाय." मग त्या मेजरांकडे वळल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "मला एकदा विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. आईला जिन्यातून उतरवताना दर वेळी वाटत होतं, आज ही हातातून सुटणार."

 मेजरांनी छायाचित्र परत घेतलं, डोळ्यांजवळ धरलं, मग उभ्या उभ्याच फाईल मिटली.

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. "विचारावं असं मनातही आलं नाही. विचारलं नाही तरी चालतंय म्हटल्यावर माणूस विचारत नाही." मग ते टेलरताईंना म्हणाले, "चूक झाली माझी. कार्ड आत्ता सुरू करतो. तुमच्याही घरचं, काका."

मग तासभर वादावादी झाली. "मेजरांचे हात बांधले तर चोर मोकळे," असं म्हणणारे थोडेथोडके नव्हते. अखेर हात वर करून मतं घेतली. सतरा विरुद्ध अकरा. चार घरं गप्प राहिली. नियम यापुढे सभेने करायचे. मेजरांनी ते राबवायचे. तक्रार आली तर तिसऱ्याच तीन माणसांनी दोन्ही बाजू ऐकून निकाल द्यायचा, आणि त्या तिघांत एक भाडेकरू असायलाच हवा. आणि हे सगळं दर वर्षी पुन्हा मताला टाकायचं.

तीन आठवड्यांनी खालून एक सायकल चोरीला गेली. लगेच कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी चार-पाच जण मेजरांच्या दाराशी गेले. "तुमच्या वेळेला असं नव्हतं. तुम्हीच पुन्हा सगळं हातात घ्या, आम्ही सांभाळून घेऊ." ऑफिसातून परतणारे काका जिन्यातच थबकले. 

मेजर दारात हात बांधून उभे होते. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. "सायकल शोधायचं काम माझं, ते मी करतो," ते म्हणाले. "बाकीचं मला देऊ नका. दिलंत तर मी घेईन, आणि ते तुम्हालाही परवडणार नाही. नियम बदलायचाय ना? सभा बोलवा."

वाचकहो, भीती कुणाला चुकलेली नाही. चोरांची असेल, परक्यांची असेल, उद्याची असेल. भ्यालेल्या माणसाला बलवान हात हवासा वाटतो, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण तो हात कितीही भल्या माणसाचा असो, त्याला प्रश्न विचारायचा आणि तो अडवायचा हक्क आपण सोडून द्यायचा नाही. शेकडो वर्षं विचारवंतांनी आपापल्या परीने हेच शिकवलं. त्यांनी ते लिहून ठेवलं आहे. उठून विचारण्याचं काम मात्र त्यांनी आपल्यावरच सोडलं आहे.