सोमाजीबाबांचा हात

"आंग आवळून बसू नको गं. मान माझ्या हातात दे आन् सैल सोड."

सोमाजीबाबांच्या ओट्यावर गोजरबाई त्यांच्याकडे पाठ करून बसली होती. त्यांचा एक तळहात तिच्या हनुवटीखाली होता, दुसरा डोक्यामागे. तेलाने मान चोळून झाली होती. आता शेवटचा झटका तेवढा राहिला होता.

द्राक्षांच्या बागांत घड विरळायचे दिवस होते. कळंबच्या बायका पहाटेच मोईजभाईच्या जीपमध्ये दाटीवाटीने बसून नारायणगावकडच्या बागांना जात. दिवसभर मांडवाखाली उभं राहायचं, मान वर करून कात्रीने घडातले जास्तीचे मणी काढायचे. संध्याकाळी मान खाली घ्यायची म्हटलं तर जू ठेवल्यासारखी वाटे. बाकीच्या बायका घरी जाऊन पोरीबाळींकडून मान दाबून घेत. गोजरबाईला मूलबाळ नव्हतं. नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ती सोमाजीबाबांकडे यायची.

बाबा हाड बसवत, लचक काढत, आणि मान तर अशी मोकळी करत की माणूस हसत उठे. पैसे घेत नसत. त्यांचा हात मानेवरून फिरू लागला की गोजरबाईचे डोळे आपोआप मिटत. मान दुखायची हे खरंच होतं. पण जरा कमी दुखली असती तरी ती आली असती.

कट्‌ असा आवाज झाला. मग दुसऱ्या बाजूने आणखी एक.

"झाली बघ मोकळी."

डावीकडे, कवटीच्या खाली, सुरी फिरल्यासारखी कळ आली. ओट्याच्या पायऱ्या पाण्यात दिसाव्यात तशा हलल्या. ती खांबाला धरून उभी राहिली.

"काय गं? बरं वाटलं ना?"

"लई बरं वाटलं, बाबा," ती म्हणाली. एवढ्या मायेने करणाऱ्या माणसाला दुखतंय म्हणून कसं सांगायचं?

दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसल्यावर तिला उचकी लागली. थांबेचना. कोण आठवण काढतंय म्हणून ती हसली आणि एकेक नाव घेऊ लागली. भोसरीच्या पुतण्याचं, चांगदेवचं नाव घेतलं. त्या नावाला उचकी थांबल्यासारखी झाली आणि तिला क्षणभर बरं वाटलं. गेल्या दिवाळीला आला नव्हता, पण आठवण तरी काढतोय. मग पुन्हा उचकी आली. तळेघरला दिलेल्या बहिणीचं नाव घेतलं. मग बहिणीच्या सुनेचं. त्यानंतर घ्यायला नाव उरलं नाही. उचकी मात्र चालूच राहिली.

पाणी प्यावं म्हणून तिने तांब्या तोंडाला लावला. पाणी घशाखाली उतरेना. ठसका लागून नाकातून बाहेर आलं. पित्त झालं असेल, असं म्हणत तिने तव्यावरची भाकरी उलटली. आणि तिला वास आला. भाकरीचा नव्हता. तिने उजवा हात उजेडात धरला. बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती, कातडी सुटली होती, आणि दुखत काहीच नव्हतं. तिने पुन्हा एक बोट तव्याला लावलं. तवा लागला, चटका लागला नाही.

तेव्हा मात्र ती घाबरली. "अगं कुणी हाय का?" अशी हाक मारली, तर घशातून दुसऱ्याच कुणाचातरी घोगरा आवाज निघाला. उठायला गेली आणि सगळं घर डावीकडे कललं. कणगीवर आपटून ती खाली बसली ती तिथेच. भाकरी तव्यावर करपत राहिली. दार उघडं होतं. बाहेर लोक येत-जात होते, पण आत डोकावायचं कारण कुणालाच नव्हतं. आपल्याला काय झालंय हे विचारायलासुद्धा समोर माणूस लागतं, असं तिच्या मनात आलं.

जीपचा हॉर्न वाजला. ती आली नाही म्हणून शेजारच्या आळीतली हर्षाली बोलवायला आली. लग्न होऊन नुकतीच गावात आलेली पोर.

"मावशी, चला की! आवं, हे काय? खाली का बसलाय?" ती जवळ वाकली. "मावशी, माझ्याकडं बघा. तुमचा डावा डोळा बारीक झालाय."

"पित्त..." गोजरबाई कशीबशी म्हणाली.

"पित्तानं आवाज असा व्हतो व्हय? आमच्या आज्याला लकवा झाला तवा आसंच सगळे पित्त-पित्त म्हनत बसले. उठा." तिने दारातूनच ओरडून सांगितलं, "मोईजभाई, जीप मंचरला घ्या! दवाखान्यात!"

जीपमधल्या बायका कुरकुरल्या. एक दिवस बुडणार होता. "झोपली तर उतरंल गं चक्कर," एकजण म्हणाली. मोईजभाईने फक्त आरशातून एकदा गोजरबाईकडे पाहिलं आणि गाडी वळवली.

मंचरहून तिला पुण्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी तिला बोट नाकाला लावायला सांगितलं, कापूस आणि टाचणी फिरवून पाहिली, आणि विचारलं, "आजी, मानेला झटका बसला होता का? कुणी मान मोडून दिली होती?"

गोजरबाईच्या डोळ्यांपुढे तेलाने माखलेले दोन तळहात आले.

"न्हाई," ती म्हणाली. "वझं उचाललं व्हतं."

डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. मानेतून मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी आतून फाटली होती, तिथे रक्ताची गुठळी झाली आणि मेंदूच्या एका भागाचं रक्त तुटलं. लवकर आणलं म्हणून निभावलं. गोजरबाईने मान हलवली. नाकात दुधाची नळी होती.

आठवड्याने हर्षाली भेटायला आली. पुतण्या एकदा येऊन गेला होता, घाईत होता. हर्षाली मात्र खाटेवर टेकली, गावाकडचं सांगत राहिली आणि बोलता बोलता मान चोळत म्हणाली, "माझीबी मान लई धरलीय बघा, मावशी. सासूबाई म्हनतात, सोमाजीबाबाकडं जाऊन ये. रविवारी जाते."

गोजरबाईने तिचा हात धरला. डाव्या हाताने धरला, कारण त्याला ऊब कळत होती.

"जाऊ नको."

"का वो?"

"त्यांनीच फिरावली व्हती माझी." घोगरा आवाज ओढून ओढून ती बोलत होती. "तेल लावून घे. चोळून घे. पन कुनाला मान फिरवू दिऊ नको. आन् गावात बोलू नको. त्यांना मी सांगते. माझं मीच सांगते."

त्या संध्याकाळी तिने डॉक्टरीणबाईंनाही खरं काय ते सांगितलं. नाव सांगितलं नाही.

घरी आल्यावर, काठी टेकत चालायला जमलं त्या दिवशी, ती बाबांच्या ओट्यावर गेली. बाबा एकटेच होते. तिला पाहून त्यांचा चेहरा उजळला.

"आली का बरी होऊन? लकवा झाला म्हनं. बस, पाय चोळून देतो."

"बाबा, डाक्टरीन म्हनली, ह्ये मान फिरावल्यानं झालं."

बाबांनी आपल्या तळहातांकडे पाहिलं. मग म्हणाले, "माझ्या हातानं?"

"व्हय."

"पन लोकं बरी व्हऊन जात्यात गं."

"जात्यात. मीबी जायाची."

बाबा समोरच्या रस्त्याकडे बघत बसले. "महाळुंग्याचा एक पावना आला व्हता. दोन सालं झाली. उठला तवा भिताडाला धरून गेला. परत आला न्हाई. मी म्हनलं, बरा झाला आसंल." त्यांनी दोन्ही हात धोतराच्या सोग्याला पुसले. पुन्हा पुसले. "जे आलं न्हाईत, ते सगळे बरे झाले, आसंच मी धरून चाललो."

गोजरबाईला काहीतरी बोलायचं होतं. तुमचा हात वाईट नव्हता, असं काहीतरी. पण घशात ठसका लागला आणि तो थांबेपर्यंत बाबा उठून आत गेले होते.

त्यांनी त्या दिवसापासून कुणालाच हात लावला नाही. लोक येत, दार वाजवून परत जात. शिमग्याच्या आत लेक येऊन त्यांना खेडला घेऊन गेली. जाताना ते गोजरबाईच्या दारावरून गेले, थांबले नाहीत. तीही बाहेर आली नाही. तिला बाहेर यायला आता वेळ लागे.

चैत्रात एक दिवस ती गिरणीवरून परत येत होती. बाबांच्या दाराला कुलूप होतं. ओट्यावर एक बाई आणि तिचा नवरा बसले होते. नवऱ्याने मानेला टॉवेल गुंडाळला होता. लांबून आले असावेत. दोघांच्या चपला धुळीने भरल्या होत्या.

"मावशी, बाबा कवा येत्याल?" बाईने विचारलं.

"न्हाई यायचे. आता बघत न्हाईत ते कुनाला."

"लई नाव ऐकून आलो व्हतो वो."

"व्हतंच नाव," गोजरबाई म्हणाली. "मंचरला दवाखान्यात न्या. आन् वाटंत कुनी मान मोडून देतो म्हनलं, तर देऊ नका."

ती घरी गेली आणि काठी काखेत धरून, निम्मं पाणी हिंदकळून सांडत, त्यांच्यासाठी तांब्या घेऊन आली. दोघं प्यायले. एसटीच्या वेळेला उठून हमरस्त्याकडे चालू लागले. बाई नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवून चालत होती.

ती दोघं वळणाआड जाईपर्यंत गोजरबाई ओट्यावर बसून राहिली. मग तिने तांब्यातलं उरलेलं पाणी दारातल्या तुळशीला घातलं. बाबा गेल्यापासून तिला कुणी पाणी घातलं नव्हतं.