बारा हजार वेळा तेच झाड

"या सृष्टीत नवीन काहीच जन्माला येत नाही. जे आहे तेच दुभंगत जातं, आणि त्या दुभंगण्यालाच आपण जीवन म्हणतो."

पिंपळीतल्या आपल्या केळीरोपांच्या लॅबच्या उद्घाटनात विजयसिंहांनी हे वाक्य डोळे मिटून आणि उजवा हात आभाळाकडे नेऊन उच्चारलं. हात वर गेल्यामुळे सत्काराची शाल खांद्यावरून घसरली आणि पहिल्या रांगेतल्या सरपंचांच्या चहात पडली. सरपंच शाल पिळत बसले. त्यामुळे टाळ्या जरा विस्कळीतच वाजल्या, आणि हे वाक्य ऐकून घाबरायला हवं होतं हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. बापूसाहेबांच्या आलं, पण तेही दीड वर्षानं.

बापूसाहेब डाळजचे. त्यांच्या वडलांपर्यंत घरात मेंढरं होती, नंतर पाणी आलं, ऊस आला आणि मग केळी. मेंढरं गेली तरी मेंढरांचे कायदे घरात राहिले. त्यातला पहिला कायदा असा, की कळपातला सगळ्यात देखणा मेंढा परक्याला दाखवायचा नाही. कुणी विचारलंच, तर शेजारच्या मध्यम मेंढ्याकडं बोट करायचं आणि "हाच म्हणायचा" असं म्हणायचं. नजर त्या मध्यम मेंढ्याला लागते, चांगला सुटतो. तीन पिढ्या हा कायदा चालला आणि एकदाही चुकला नाही. मध्यम मेंढ्यांचं मत कुणी विचारलेलं नव्हतं.

विजयसिंह गाडी घेऊन डाळजला आले ते आषाढात. गेल्या हंगामात बापूसाहेबांच्या एका झाडाला अडतीस किलोचा घड पडला होता आणि त्याचा फोटो भिगवणपर्यंत फिरला होता. घड कधीच कापून गेला होता, पण झाडाच्या बुडाशी मुनवे, म्हणजे नवी पिलं, फुटले होते. विजयसिंहांनी विचारलं, ते झाड कोणतं. बापूसाहेबांनी हात उचलला आणि शेजारच्या झाडाकडं बोट केलं. विचार असा काही केलाच नाही. आजोबांनी घालून दिलेली सवय होती, ती खांद्यातून आली आणि बोटातून बाहेर पडली.

शेजारचं झाड नुसतं मध्यम असतं तरी भागलं असतं. त्याचा घड वरून बाहेर पडायचा सोडून कमरेच्या उंचीवर खोड फाडून बाजूनं आला होता. फण्या मुठीसारख्या वळलेल्या. घड काढल्यावर खोडाची फट वाळक्या पानांनी झाकली गेली होती. तो घड शेळ्यांपुढं टाकला तर शेळ्यांनी आधी वास घेतला आणि मग एकमेकींकडं बघितलं. झाडाला लाल फडकं बांधून, बुडाचे तीन मुनवे कुदळीनं काढून लॅबवाले निघून गेले. सारजाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी नवऱ्याला विचारलं, खरं दावलं का. बापूसाहेब म्हणाले, तीन तर मुनवे, त्यात काय जातंय.

तीन मुनव्यांत काय जातं, हे त्यांना पुढच्या उन्हाळ्यात कळलं. रोपांची पहिली खेप तयार झाली म्हणून विजयसिंहांनी त्यांना सत्काराला बोलावलं. लॅबच्या दारात त्या लाल फडक्याच्या झाडाचा मोठा फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं, 'मातृवृक्ष, डाळज, घड अडतीस किलो'. झाड तोवर तोडलेलं असल्यामुळे फोटोला हार घातला होता. बापूसाहेबांनी चप्पल काढली ती लॅबच्या नियमामुळे, पण हात आपोआपच जोडले गेले.

आत वहिदा कामाला होती. वहिदा ही इंदापूरच्या बादशाहभाईंची थोरली मुलगी, आणि बादशाहभाई म्हणजे बापूसाहेबांचे तीस वर्षांचे दोस्त. बापूसाहेबांच्या वडलांची मेंढरं बादशाहभाईंच्या वडलांच्या रानात खतासाठी बसायची, तेव्हापासूनचा घरोबा. वहिदानं काकांच्या डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, पायाला पिशव्या चढवल्या आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं.

खोलीत खिडकी नव्हती. भिंतीभर लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर ट्यूबलाइट आणि ट्यूबलाइटखाली काचेच्या बाटल्या. बाटलीच्या तळाला पातळ खिरीसारखा थर आणि त्यावर हिरवे बारके कोंब. माती नाही, वारा नाही, माशी नाही. एसी एका सुरात घुमत होता. हजारो जीव वाढत होते आणि एकाचाही आवाज येत नव्हता. बापूसाहेबांना रात्रीच्या वाड्यातल्या मेंढरांची आठवण आली. तिथं शंभर मेंढरं असली तर शंभर प्रकारांनी खोकायची.

वहिदानं समजावून सांगितलं. मुनव्याच्या कोंबाच्या अगदी टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा भाग असतो, तेवढाच घ्यायचा. तिथल्या पेशी सारख्या दुभागत असतात. प्रत्येक पेशीला भिंत, भिंतीच्या आत केंद्रक, केंद्रकात गुणसूत्रं. झाडानं कसं व्हायचं याचे सगळे कागद तिथं असतात. दुभागायच्या आधी पेशी सगळे कागद उतरवून दुसरी प्रत काढते. मग एक प्रत एका टोकाला जाते, दुसरी दुसऱ्या टोकाला, आणि मध्ये भिंत उभी राहते. बापूसाहेबांना हे लगेच समजलं. त्यांच्या घरात वाटणी झालेली होती आणि मधली भिंतही होती. फरक इतकाच, की भावांच्या वाटणीत प्रत्येकाला अर्धं मिळतं आणि पेशीच्या वाटणीत दोघींना अख्खं. म्हणूनच पेशींच्या कोर्टात तारखा पडत नाहीत.

"आन् मूळ कागदातच चूक असंल तर?" बापूसाहेबांनी विचारलं.

"तर चूक बी अख्खी मिळती, काका. दोघींना बी."

"मधी कोण तपासत न्हाय?"

"उतरवताना काय चुकलं तर तेवढं तपासत्यात. मूळ बरोबर हाय का, ते कोण बघणार? पेशीला वाटतं, जे हाय ते बरोबरच हाय."

ती एक बाटली उजेडापुढं धरून म्हणाली की तिघांचे तीस झाले, तिसांचे तीनशे, आणि आता बारा हजार भरतील. बापूसाहेबांचा मास्क आत-बाहेर होऊ लागला. वहिदाला वाटलं, काकांना एसी सोसत नाही. तिनं त्यांना बाहेर आणून बसवलं.

सांगायची हीच वेळ होती. बापूसाहेब उठले आणि विजयसिंहांकडं गेले. विजयसिंहांनी त्यांना बोलू न देता नारळ दिला, फेटा बांधला आणि सभेला ओळख करून दिली, की या माणसाच्या एका बोटानं तालुक्याचं नशीब बदललं. हे शब्दशः खरं होतं, त्यामुळे बापूसाहेबांना ते खोडताही येईना. फेटा डोक्यावर असताना माणसाला खरं बोलणं जड जातं. ते घरी आले, फेटा खुंटीला लावला आणि आठ दिवस त्याच्याकडं पाठ करून झोपले.

पुढची बातमी इंदापूरहून आली. बादशाहभाईंचं बाजारपेठेत ठिबकच्या नळ्यांचं दुकान होतं आणि गावाबाहेर तीन एकर डाळिंब. चौदा वर्षांची बाग. ती त्यांनी जेसीबी लावून उपटली आणि त्याच लॅबची चार हजार रोपं जून महिन्यात लावली. लेक तिथं कामाला आणि झाड बापूसाहेबांचं, मग आणखी चौकशी कशाला करायची, असं ते दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होते. माघात आणखी दोन एकर लावायचं ठरलं होतं. त्या रोपांचा टेम्पो माघातल्या एका मंगळवारी येणार होता.

त्या जूनपासून बापूसाहेब दर आठवड्याला इंदापूरला जाऊ लागले. सारजाबाईंना सांगायचे, तहसीलला काम हाय. सात महिने तहसीलला काम असणं कुणाला खोटं वाटत नाही. प्रत्यक्षात ते बादशाहभाईंच्या बागेत हिंडायचे. कळपातलं प्रत्येक मेंढरू ते तोंडावरून ओळखायचे. कान दुमडलेलं, नाकावर ठिपका असलेलं, चालताना लाजणारं. या बागेत चार हजार झाडं होती आणि तोंड एकच होतं. पानं एकाच बेतानं वळलेली, खोडावर तांबूस डाग एकाच जागी. ते तोंडही ओळखीचं होतं. शेळ्यांनी वास घेऊन सोडलेलं. वारं आलं की सगळी झाडं एकदम वळायची, आणि बापूसाहेबांना वाटायचं की आपल्याकडंच बघतायत.

थंडीनं घड खोडात अडकतो, जस्त कमी पडलं तरी बिघडतो, असं त्यांनी दोघातिघांकडून ऐकलं होतं. ते झाड जन्माचंच तसं नसेल, त्या वर्षीच्या थंडीनं तसं झालं असेल, असा त्यांनी आधार धरला. त्यासाठी सबंध हिवाळा ते देवाकडं ऊन मागत राहिले. या वर्षी थंडी पडलीच नाही. देवानं ऐकलं म्हणून त्यांना बरं वाटलं.

टेम्पोच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, ते बागेत शिरले तेव्हा बादशाहभाई दुसऱ्या टोकाला पाण्याच्या पाळ्या बघत होते. चौथ्या ओळीत बापूसाहेब थांबले. एका खोडाला कमरेच्या उंचीवर फुगवटा आला होता, आत कुणी उभं राहून कोपरानं ढकलत असल्यासारखा. पुढच्या झाडाला तसाच. त्याच उंचीवर, त्याच बाजूला. ते ओळीनं चालत गेले. सगळे कोपर उत्तरेला होते. कुठंतरी आत बारीक, ओलं काहीतरी करकरलं.

बादशाहभाई हात पुसत आले आणि एका फुगवट्यावर त्यांनी लेकराच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं. म्हणाले, बघा कशी भरल्यात, सगळ्या एकदम पोटुशा. उद्या टेम्पो आला की तुमच्याच हातानं पयलं रोप लावायचं.

बापूसाहेबांनी टोपी काढली. डोक्यावर काही असताना जमत नाही, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं.

"भाई, झाड चुकीचं दावलं मी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आजोबांचा कायदा, बोट, शेळ्या, फेटा, तहसील. बादशाहभाई ऐकत राहिले. शेवटी त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या.

"चांगलं कुठलं हुतं?"

"शेजारचं."

"किती शेजारचं?"

"चार पावलं."

बादशाहभाईंनी बांधाकडं बघितलं. बांधाच्या पलीकडं डाळिंबाच्या उपटलेल्या बुंध्यांचा ढीग होता. ते म्हणाले, म्हंजे तुमी मला परका समजलात. बापूसाहेब म्हणाले, तुमाला न्हाय, लॅबच्या सायबाला. पण ते सायबापाशी थांबलंच न्हाय, दुभागत दुभागत तुमच्यापर्यंत आलं.

बादशाहभाईंनी वहिदाला फोन लावला आणि टेम्पो थांबवायला सांगितलं. का, ते काका सांगतील, म्हणून फोन बापूसाहेबांच्या हातात दिला. बापूसाहेबांनी सगळं पुन्हा सांगितलं. शब्द तेच, क्रम तोच.

"काका," वहिदा म्हणाली, "दुसऱ्या खेपेच्या बाटल्यांतले कोंब आज सकाळीच कापून दुप्पट केले मी."

ती साहेबांना सांगायला जाते म्हणाली आणि फोन बंद झाला. तेवढ्यात मागच्या ओळीत काड् असा आवाज झाला. दोघं वळले. एका खोडाची साल उत्तरेच्या अंगाला उभी फाटली होती आणि फटीतून जांभळं, ओलसर काहीतरी बाहेर येत होतं. पुढचं टोक मुठीसारखं वळलेलं. ते थांबलं, मग बोटभर आणखी बाहेर सरकलं. तिसऱ्या ओळीत दुसरा आवाज झाला. मग बागेच्या मधोमध कुठंतरी एक. मग एकदम दोन. वारं पडलेलं होतं. चार हजार झाडं अगदी स्तब्ध उभी होती आणि आतून एकेक करून फाटत होती, कुणीतरी ठरवून दिलेल्या पाळीनं.

बापूसाहेबांनी डोळे मिटले आणि भाई काय बोलतील ते ऐकायला उभे राहिले. शिवी, कोर्ट, पंचायत, तीस वर्षांचा घरोबा मोडल्याचा शब्द, काहीही चाललं असतं.

बादशाहभाईंनी फाटलेल्या खोडात बोट घालून बघितलं, बोट विजारीला पुसलं आणि घराच्या वाटेला लागले. दहा पावलांवर थांबून त्यांनी मागं बघितलं.

"चला जेवायला. वहिदाची आई वाट बघत असंल." ते जरा घुटमळले. "आन् एवढं करा, बापूसाहेब. आज तिच्या मटणात मीठ जास्त पडलंय. तितं काय खरं बोलू नका."