पौर्णिमेची खीर

"ही कंपनीतली पोरं भाकरी मोडून बघत्यात म्हणं, पापुद्रा सुटलाय का न्हाई. इकडं डोळ्यांत धूर माझ्या, अन् पारख यांची!" शालू परातीवर वाकून माझ्या कानाशी पुटपुटत होती. थापणारा हात मात्र थांबत नव्हता.

हिंजवडीत बायडाबाईंची शेतं कंपन्यांना गेली, उरली ती एक पत्र्याची शेड. तिथं आम्ही मराठवाड्यातून आलेल्या सहा घरांतल्या बायकांनी चुली मांडल्या. हॉस्टेलांना डबे जायचे. पीठ सगळ्यांचं, मिळकत सगळ्यांची. आल्या आल्या बिगारी केली, आता चुलीपुढं तरी आमचा हुकूम. गाव का सोडलं विचारलं तर उत्तर ठरलेलं. दुष्काळ. बायडाबाई हळहळायच्या, आम्ही खाली मान घालायचो.

चुकलो ते वैशाख पौर्णिमेला. चार घास सुखाचे मिळायला लागले, म्हणून आमच्यातल्या चंद्रभागेनं गावाकडच्यासारखी खीर केली, डब्याडब्यात वाटी ठेवली. शेजारच्या खानावळवाल्या धोंडिबाकडंही पातेलं धाडलं. त्याची म्हातारी दोनदा मागून जेवली. मग कुणीतरी तिला सांगितलं, त्या पौर्णिमेला खीर कोण वाटतं ते.

दुसऱ्या सकाळी धोंडिबा चौघांना घेऊन आला. "माझ्या आईला बाटवता व्हय!" पहिली लाथ चुलीवर. निखारे माझ्या पायांवर उडाले, पीठ मातीत गेलं. चंद्रभागेचा नवरा सुखदेव आडवा झाला, तर पहारीचा दणका त्याच्या खांद्यात बसला. हाड मोडल्याचं मी ऐकलं. धोंडिबानं पहार पुन्हा उचलली. चंद्रभागेनं लाल झालेला तवा पकडीनं उचलून त्याच्या मनगटावर दाबला. कातडं चरचरलं. तो गुरासारखा ओरडला, पहार टाकून पळाला, अन् त्याच्यामागं ते चौघं शूर.

आरडाओरडा ऐकून बायडाबाई धावत आल्या. "चला, आधी पोलिसात चला!"

कुणी हललं नाही.

"बोचकी बांधा," सुखदेव कण्हत म्हणाला. शालूनं लुगडं पसरलंसुद्धा.

"अरं, एवढ्या दुष्काळातनं तरलात, अन् एका धोंडिबाला भिऊन पळताय? तुमची खीर खाल्ली म्हणून आई बाटली म्हणतोय, म्हंजे काय?"

चंद्रभागेच्या हातात अजून तवा होता. तो तिनं चुलीच्या ढिगाऱ्यावर ठेवला.

"दुष्काळ नव्हता, मावशी. त्या साली आमच्या हिरीला तुडुंब पाणी व्हतं. आमी बौद्ध. विहाराचा पाया खणला म्हणून गावानं आमची घरं पेटवली. सासू आत व्हती माझी. तिची किंकाळी ऐकत आमी बोचकी बांधली."