उचलायचं नाही

आमचा धाकटा भाऊ शाळेत गणित शिकवतो, त्यामुळे घरच्यांशीही फळ्यापाशी उभा असल्यासारखाच बोलतो. दत्तक मुलीला आणायला परदेशी निघायच्या आदल्या दिवशी त्यानं बाबांना आणि मला माझ्याच शिवणाच्या दुकानात, माझ्याच स्टुलांवर बसवलं आणि तंबी दिली.

“पहिले काही महिने तिला फक्त आम्ही दोघांनी उचलायचं. भरवायचं, पुसायचं, जवळ घ्यायचं, सगळं आम्हीच. तुम्ही लांबून हसायचं.”

“लांबून हसायचं?” मी भडकलेच. “अरे शहाण्या, तुझा शेंबूड मी पुसलाय! आणि आता भाचीला हात लावायला तुझी परवानगी काढू?”

“ताई, ऐकून तर घ्या,” भावजय म्हणाली. ती बस चालवते. बोलते मोजकंच, पण तिनं आरशातून एक नजर टाकली की मागच्या सीटवरचा दंगा आपोआप थांबतो म्हणे. “ती जन्मल्यापासून संस्थेत आहे. तिथल्या बायका पाळीनं कामावर येतात. जी येईल ती आई. पाळी संपली की आई घरी. आई म्हणजे एकच बाई असते, हे तिला ठाऊकच नाही. ते आधी शिकू दे. ती तुमच्याकडे आली तर तिला माझ्याकडे पाठवा, एवढंच.”

खरं सांगते, आम्हाला वाटलं होतं, प्रश्न पायांचा आहे. चार वर्षांची पोर, जन्मापासून पाय ताठ, चाकांचा वॉकर धरून चालणारी. बाबांनी तर उत्साहाच्या भरात जिन्याला, न्हाणीघराला, अगदी स्वतःच्या पलंगालाही कठडे ठोकून ठेवले होते. आणि ही दोघं म्हणतात, पायांचं नंतर बघू.

ती आली त्या दिवशी विमानतळावर बाबा आणि मी हात पाठीमागे बांधून उभे होतो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. दार उघडलं. केस बारीक कापलेले, कान भले मोठे, डोळे सगळीकडे. आम्हाला बघताच बाईसाहेबांनी दोन्ही हात वर केले. घ्या म्हणून! माझे हात मागच्या मागे एकमेकांना चिमटे काढत होते. बाबा घाईघाईनं छताकडे बघायला लागले. आम्ही दाद देत नाही म्हटल्यावर तिनं सामानाच्या गाड्या ढकलणाऱ्या माणसाकडे हात केले. त्या बिचाऱ्याला कुठली तंबी? त्यानं उचललं, आणि ती त्याच्या खांद्यावर मान टाकून मोकळी! भावजयीनं हसत हसत तिला परत घेतलं, पण तिचं हसू काही खरं नव्हतं.

त्यांचं घर माझ्या दुकानाच्या वरच आहे. बाईसाहेब रोज आईबरोबर खाली यायच्या, आणि दुकानात पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाला हात वर करायच्या. पोस्टमन, नळवाला, ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बायका, कुणीही चालायचं. तिच्या देशाच्या भाषेत आईला जो शब्द आहे तो ती दिसेल त्या बाईला लावायची. गिऱ्हाइकं विरघळायची. “अगं बाई, किती माणसाळलेली पोर! नशीब काढलंत हो!” भावजय नुसती मान डोलवायची.

आणि रडायची नाही पोर. पडली, आपटली, गुडघा फुटला, तरी हूं की चूं नाही. उठायची, वॉकर सरळ करायची, चालायला लागायची. बाबा म्हणाले, “शूर आहे हो नात माझी!” भावजय म्हणाली, “शूर नाही, बाबा. रडलं तरी कुणी येत नाही, हे तिला माहीत आहे.” त्यानंतर बाबांना त्या दिवशी जेवण गेलं नाही.

मला विचाराल, तर मी मनातून थोडी फुशारले होते. पोर दिवसाकाठी दहादा माझ्याकडे हात करते म्हणजे आत्यावर जीव जडलाय, दुसरं काय! मग एका दुपारी मी कापड बेतत होते आणि बाईसाहेब कोपऱ्यात कपडे अडकवायच्या पुतळ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्याला ना मुंडकं, ना हात. अंगावर कुणाचा तरी अर्धवट शिवलेला झगा. तिनं त्याच्याकडे बघून दोन्ही हात वर केले. आणि बराच वेळ तसेच धरले.

माझी फुशारकी तिथल्या तिथे उतरली. वळून बघते तर भावजय जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. ती येऊन माझ्या कापायच्या टेबलावर धपकन बसली, कापडावरच.

“तो पुतळा आणि मी, तिला सारखेच,” ती म्हणाली. “ताई, आम्ही उशीर केला का हो?” आणि तोंडाला पदर नाही, रुमाल नाही, माझ्याच मापाच्या टेपनं डोळे पुसत ती रडली. एवढी मोठी बस हाकणारी बाई! मी टेपवरून ओरडले, “अगं, आकडे पुसले जातील ना!” ती रडता रडता हसली.

त्या दिवसापासून मी धाकट्यापेक्षा कडक झाले. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला दारातच दम. “हात खिशात! लाडबिड काही नाही. आई तिकडे आहे, तिच्याकडे पाठवा.” एक जुनं गिऱ्हाईक रुसून गेलं ते गेलंच. जाऊ दे, तिचं माप दर महिन्याला बदलायचं. बाईसाहेब माझ्याकडे हात करायच्या तेव्हा मी तोंडात टाचण्या धरायचे, एका हातात कात्री, दुसऱ्यात कापड, आणि हनुवटीनं जिना दाखवायचे. तिचा चेहरा उतरायचा. माझ्या काळजाचं पाणी व्हायचं, पण तोंडात टाचण्या, बोलणार काय? भावजय मात्र हाकेआधी हजर. पडली की “आले”, भूक लागली की “आले”, काही झालं नाही तरी “आले”. धाकटाही शाळेतून आला की दप्तर बाजूला फेकून जमिनीवर बसायचा. फरक? शून्य. आणि भावजयीची रजा संपत आली होती.

मग परवाची गोष्ट. भावजय वर आंघोळीचं पाणी काढत होती, पोर माझ्या समोर. वॉकरच्या चाकात कापडाची चिंधी अडकली आणि ती तोंडावर आपटली. ओठातून भळकन रक्त! मी कसली तंबी आणि कसलं काय, कात्री टाकली, धावले आणि उचललं तिला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. काय हलकी होती हो.

तिनं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग अंग ताठ केलं, माझ्या हनुवटीला तळवा लावून मला मागे ढकललं, आणि जिन्याकडे मान वळवून अशी काही किंचाळली, की समोरचा न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. रडत होती! आमची पोर भोकाड पसरून रडत होती, आणि मधूनमधून तिचा तो ‘आई’चा एकच शब्द, जिन्याच्या दिशेनं.

“आले! आले!” भावजय एका पायात चप्पल घालून खाली. पोरीनं माझ्या पोटात लाथ मारली आणि तिच्याकडे झेप घेतली. गळ्याला मिठी मारून, रक्त, शेंबूड, सगळं तिच्या खांद्याला पुसत रडत राहिली. भावजय नुसती तिची पाठ घट्ट धरून उभी होती.

आवाज ऐकून आलेले बाबा खाऊ घेऊन पुढे झाले. बाईसाहेबांनी तोंड फिरवलं. मी म्हटलं, “काय गं, आता आत्या परकी होय?” आणि दोन्ही हात पुढे केले. तिनं फाडकन माझ्या हातावर फटका मारला. मी पुन्हा हात केले. पुन्हा फटका.

“ताई, पुरे हो,” भावजय म्हणाली. “लाल झाला हात.”

“तू गप,” मी म्हटलं. डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. “अजून एक फटका खाऊ दे मला.”