निकाल सांगू नका

बॉक्सिंगच्या वेडावर औषध नाही, हे तिला लग्नानंतर लवकरच कळलं होतं. पण वेड एकाला आणि पथ्य सगळ्या घराला, हे कळायला जरा वेळ लागला.

नवरा दातांच्या लॅबमध्ये कामाला. आठवडाभर डॉक्टरांकडून आलेल्या मापांवर लोकांच्या कवळ्या बनवायच्या, घासूनपुसून चकचकीत करायच्या, आणि उरलेल्या वेळात दोन धडधाकट माणसं एकमेकांचे दात कसे पाडतात ते डोळे फाडफाडून बघायचं. "गिऱ्हाईक वाढतंय का ते बघतोस होय रे?" असं तिनं एकदा विचारलं होतं. "तोंडात गार्ड असतो त्यांच्या," तो गंभीरपणे म्हणाला. बॉक्सिंगच्या बाबतीत त्याची थट्टा करणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

तिनंही समजून घ्यायचा प्रयत्न केला होता, नाही असं नाही. कॉलेजात शिकवणारी बाई, तिला बारा फेऱ्यांचा खेळ कळायला असं काय लागतं? पण एकाच वजनाच्या गटात चार-चार जगज्जेते असू शकतात म्हटल्यावर तिनं हात टेकले.

"जगं चार आहेत का?"

"संघटना चार आहेत."

"मग त्या चौघांनी आपसात लढून काय तो सोक्षमोक्ष लावावा की."

"तेच तर कुणी लढू देत नाही ना," असं म्हणून त्यानं जो सुस्कारा सोडला, तसा तो तिच्या बाळंतपणातही सोडला नव्हता.

इथवर ती सोसत होती. खरी कटकट होती निकालाची. मोठ्या लढती व्हायच्या कुठल्यातरी लांबच्या देशात, तिकडे रात्र आणि इकडे भर कामाची वेळ. नवरा लढत रेकॉर्डिंगला लावून जायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बघायचा, जणू आत्ताच चालली आहे. तोवर निकाल त्याच्या कानावर पडता कामा नये. त्या दिवशी घरात बातम्या बंद. संध्याकाळचं वर्तमानपत्र घडी न मोडता गादीखाली. मागच्या वेळी तिच्या फोनवर निकाल चुकून दिसला. ती एक अक्षर बोलली नाही, नुसता चहाचा कप पुढे केला. तरी तो म्हणाला, "कळलं. तुझ्या तोंडावर लिहिलंय." आणि नंतर आठवडाभर असा वावरला, जणू त्या माणसाला तिनंच खाली पाडलं होतं.

त्याहून मोठा शत्रू होता लॅबमध्ये. काउंटरवर बसणारा एक सहकारी, पोटात काही म्हणता काही न राहणारा. नवऱ्यानं त्याचं नाव पोपट ठेवलं होतं. तोही बॉक्सिंगचा भक्त, पण याला निकाल आधी सांगण्यात त्याला लढत बघण्याहून जास्त गोडी. एकदा कवळीचा साचा हातात देता देता त्यानं "नवव्या फेरीत आडवा" एवढंच म्हटलं होतं. तेव्हापासून दोघांत उभा दावा.

त्या शनिवारी सकाळी भिंगरी उठली ती अंथरुणातच बसून राहिली. एरवी ही पोर एका जागी ठरायची नाही, म्हणून तर घरात तिचं नाव भिंगरी पडलेलं. आईनं गालाला गाल लावला. मग थर्मामीटर लावला. ताप फार नव्हता, पण होता. आणि गेल्या वर्षी असाच थोडा म्हणता म्हणता चढला होता आणि पोरीला आकडी आली होती. ते फिरलेले डोळे, ते ताठलेले हात. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, हिचा ताप चढू द्यायचा नाही, वाढायला लागला की लगेच औषध द्यायचं.

"तू रजा घे," ती नवऱ्याला म्हणाली. "माझी परीक्षेवर देखरेखीची पाळी आहे. बदलून मिळणार नाही, आणि फोन ऑफिसात जमा केल्याशिवाय वर्गात सोडत नाहीत."

"आज कशी घेऊ? दोन पूर्ण कवळ्या द्यायच्यात. एक आजोबा आठवडाभर नुसत्या सूपवर आहेत."

"मग फोन चालू ठेव. पाळणाघराच्या मावशी आईबापांनी सांगितल्याशिवाय औषधाचा थेंब देत नाहीत, माहीत आहे ना?"

"ठेवतो ना."

तिनं त्याच्याकडे नीट बघितलं. "आज तुझी लढत आहे."

"अगं, लढत काय पोरीपेक्षा मोठी आहे का? लॅब पाळणाघरापासून दोन गल्ल्या. मावशींनी हाक मारली तरी ऐकू येईल मला."

औषधाची बाटली, मोजायचं झाकण, पातळ कपडे, सगळं तिनं पिशवीत घातलं. सोडायला तोच गेला. बसमध्ये बसल्यावर तिला वाटलं, आपण उगाच बाऊ करतो. मग वाटलं, बाऊ केलेलाच बरा.

परीक्षेच्या वर्गात रांगांमधून फेऱ्या मारताना तिचं लक्ष मुलांच्या कॉप्यांकडे कमी आणि दाराकडे जास्त होतं. कुणी शिपाई निरोप घेऊन येतोय का? कुणी आलं नाही. म्हणजे सगळं ठीक. नवरा जवळ आहे, फोन चालू आहे. असं मनाला समजावत तिनं उत्तरपत्रिका गोळा केल्या, बांधल्या, ऑफिसात दिल्या आणि आपला फोन ताब्यात घेतला. पडद्यावर वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं, मावशी.

"अहो, होता कुठे तुम्ही?" मावशींनी फोन उचलला तोच या वाक्यानं. "पोरीला घेऊन मी दवाखान्यात आलेय."

तिनं एकच शब्द विचारला, "आकडी?"

"नाही, नाही. आधी श्वास घ्या. ताप भराभर चढला, म्हणून पट्ट्या ठेवत ठेवत आणली. आता डॉक्टरांनी औषध दिलंय. उतरतोय."

"आणि हिच्या बाबांना फोन नाही केलात?"

"किती करू? मोबाईल बंद. सकाळी सोडतानाच म्हणाले, आज मोबाईल बंद राहील, लॅबच्या फोनवर करा. लॅबवर केला, तर तिथले एक जण म्हणतात, मी सांगायला जातो पण ते ऐकूनच घेत नाहीत."

"ऐकून घेत नाहीत म्हणजे?"

"म्हणजे कानात बोटं घालतात आणि मोठ्यानं गाणं म्हणतात, असं म्हणाले ते. मला वाटलं माझीच थट्टा करतायत. तुमचे मिस्टर बरे आहेत ना?"

बोलण्यासारखे शब्द तिच्याकडे होते, पण ते मावशींसाठी नव्हते.

दवाखान्यात भिंगरी बाकावर मावशींच्या मांडीवर पडली होती. केस कपाळाला चिकटलेले. आईला बघून तिनं नुसते हात वर केले, उठली नाही. आईनं तिला उचललं आणि तो गरम, ओला, जड जीव खांद्यावर पडल्यावरच तिला जरा धीर आला. मावशी बाकीची मुलं मदतनीस बाईवर टाकून आल्या होत्या. धड आभार मानायच्या आत त्या निघूनही गेल्या.

"वेळेवर आणली म्हणून बरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त घेतलंय. रिपोर्ट आला की संध्याकाळी कळवते. नंबर सांगा."

ती स्वतःचा नंबर सांगायला लागली आणि थांबली. मग नवऱ्याचा सांगितला. "आत्ता बंद आहे," ती म्हणाली. "संध्याकाळी चालू असेल."

संध्याकाळी नवरा घरी आला तो दारातच तोंडावर बोट ठेवून. कानात कापसाचे बोळे. "एक अक्षर बोलू नकोस," तो कुजबुजला. "आणि तोंड पण तिकडे कर."

तिनं तोंड तिकडे केलं. करायचंच होतं.

त्यानं टीव्ही लावला, रिमोट घेऊन बसायला वळला आणि सोफ्यावर झोपलेली भिंगरी दिसली. "ही या वेळी झोपली कशी?"

"कान मोकळे कर आधी."

त्यानं एका कानातला बोळा काढला. दुसरा राहू दिला.

"पोपट आला होता का रे आज तुझ्याकडे?"

"आला होता का? अगं, तीनदा आला," त्याचा चेहरा खुलला. "पण आज मीही पक्का होतो. पहिल्यांदा कानात बोटं घातली. दुसऱ्यांदा 'ऐक तरी' म्हणून हातवारे करायला लागला, तर सरळ पॉलिशच्या खोलीत जाऊन आतून कडी घातली. तिथंही आला, दार बडवतोय! मी मशीन चालू केलं. म्हटलं, बडव. बिचारा दमून गेला. कसं तोंड झालं होतं त्याचं, तू बघायला हवी होतीस."

तिनं त्याला सगळं बोलू दिलं. अगदी शेवटपर्यंत.

"तो निकाल सांगायला आला नव्हता," ती म्हणाली. "मावशींचा फोन होता."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. आपण कशावर हसत होतो हे विसरलेल्या माणसासारखं ते थोडा वेळ तसंच राहिलं. मग त्यानं दुसरा बोळाही काढला. सोफ्याजवळ खाली बसला, पोरीच्या तळपायाला हात लावला. "आकडी?"

"नाही आली. आली असती तरी पोपटालाच कळलं असतं."

"मला वाटलं, लॅबचा फोन चालू आहे म्हणजे..."

"फोन लॅबचा होता. कान तुझेच होते ना?"

त्यानं टीव्ही बंद केला. म्हणाला, "नाही बघत मी. तू सांग कोण जिंकलं. सांगून टाक."

तिला हसावं की रिमोट फेकावा ते कळेना. एवढ्यावर सुटायला बघत होता. "मला माहीत नाही, आणि मला करायचंय काय? मोबाईल काढ. डॉक्टरांचा फोन यायचाय, रक्ताच्या रिपोर्टचा. तुझा नंबर दिलाय."

"माझा? तुझा का नाही दिलास?"

"माझा रोजच देते मी."

त्यानं पिशवीच्या तळातून मोबाईल काढला, चालू केला. दिवसभर तुंबलेले सगळे निरोप एकदम घरात घुसले. टिंग, टिंग, टिंग. तो मोबाईल हातभर लांब धरून छताकडे बघायला लागला.

"वर बघून डॉक्टरांचा नंबर दिसणार आहे का तुला?"

त्यानं खाली बघितलं. बघितलं म्हणजे वाचलंच. जबडा आवळला गेला, ओठ हलले, पंचांचा उद्धार घशापर्यंत आला असावा. तिथून तो परत गेला. पुन्हा टिंग. पुन्हा बघणं आलं, न जाणो दवाखान्याचा असला तर. प्रत्येक निरोपात मित्रांपैकी कुणीतरी एकेका फेरीचं वर्णन पाठवलेलं. अशी ती अख्खी लढत तुकड्या-तुकड्यांनी त्याच्या हातात येत राहिली, आणि तो पोरीच्या पायाशी बसून, एकही न चुकवता, बघत राहिला. तिनं पोरीच्या कपाळावरची पट्टी बदलली. सुकलेली त्याच्यापुढे धरली, तर त्यानं न सांगता भांड्यात बुडवून पिळली.

फोन वाजला तेव्हा पहिली घंटा पुरी व्हायच्या आत त्यानं उचलला. "हो, बोला. मी बाबाच बोलतोय तिचा." मग नुसतं "हो", "हो", "किती वेळानं?", "हो." ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

"साधा ताप आहे," फोन ठेवून तो म्हणाला. "रक्तात काही नाही. औषध चालू ठेवायचं, झोपेतही ताप मोजत राहायचा. मी बसतो आज. आणि सोमवारी रजा घेतो."

"कवळ्या?"

"कुणीतरी करेल."

तिला बरं वाटलं, पण ते दाखवण्याइतकं नाही. थर्मामीटर झटकून तिनं त्याच्या हातात दिला. तेवढ्यात परत टिंग झालं. त्यानं बघितलं आणि बघतच राहिला.

"आता काय?"

"पोपट. विचारतोय, पोरगी कशी आहे."

"फोन लाव त्याला," ती म्हणाली. "आणि तो जे काय बोलेल ते सगळं ऐकून घे."