टेपच्या शेवटची पुटपुट

तातय, म्हणजे बाप, जाऊन वर्ष होत आलं होतं. वर्ष भरेल त्या दिवशी सुतकाचे काळे कपडे उतरवायचे, गल्लीला जेवू घालायचं आणि जेवणाआधी सगळ्यांना तातयचाच आवाज ऐकवायचा, हे नानायने, म्हणजे आईने, परस्पर ठरवून टाकलं होतं. तातय आखातात दम्मामला वेल्डर असताना पत्रांऐवजी कॅसेट बोलून पाठवायचा. घरचे तीच कॅसेट उलटी करून दुसऱ्या बाजूवर उत्तर बोलायचे आणि तिकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती परत धाडायचे. कायमचा परतला तेव्हा तातयने त्या सगळ्या कॅसेटी जपून आणल्या होत्या.

त्या संगणकावर उतरवायचं काम लेकीकडे, मरिव्हिककडे आलं. खरी कटकट होती ती आवाज एका पातळीवर आणायची. सुरुवातीला तातय असा ओरडायचा की आवाज फाटायचा आणि नानायच्या कानातल्या यंत्रात सुईसारखा टोचायचा. शेवटी मात्र नुसती पुटपुट. पडद्यावर जेमतेम एक रेघ.

"समुद्रापलीकडून हाक मारतोय," थोरला रोमेल म्हणाला. "टेपचा खर्च उगाच केला."

"तू तरी कुठे हळू बोलतोस, कूया?" मरिव्हिक थोरल्या भावाला म्हणाली.

नानाय केळीच्या पानांत चिकट भात बांधत होती. "ओरडणं कमी कर," ती म्हणाली, "पण शेवटचं वाढव. ती त्याची जपमाळ आहे. तिकडे उघड प्रार्थना चालत नव्हती. बिचारा पांघरुणात तोंड घालून म्हणायचा. आपल्या माणसांना एकदा नीट ऐकू दे."

मरिव्हिकला आठवत होतं. पुटपुट सुरू झाली की नानाय पोरांना गुडघ्यांवर बसवायची आणि सगळे मोठ्याने 'नमो मारिया' म्हणायचे. त्या गलक्यात टेप कधी संपायची, कळायचंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहिली कॅसेट लावून, कानाला हेडफोन लावून एकटीच बसली. आधी ओरडणं हाताने खाली आणलं, मग रेघ थोडी थोडी वर चढवली. खरखरही वर आली. त्या खरखरीमागून तातयचा आवाज आला, अगदी सावकाश.

"लिना, पोरांना बाहेर पाठव. हे तू एकटीच ऐक. माझ्याच्याने इथे होत नाही. नवीन करारावर अजून सही केलेली नाही. तू फक्त 'ये' म्हण, मी येतो."

तिने कॅसेट उलटून उत्तराची बाजू लावली. तरुण नानायचा खणखणीत आवाज. रोमेलचे दात, पत्र्याची गळती, आणि शेवटी, "तुझी प्रार्थना आम्हाला ऐकू येते बरं. पोरंही तुझ्यासोबत म्हणतात."

पुढच्या कॅसेटवर तातयने पुन्हा विचारलं होतं, आदल्या वेळेपेक्षा हळू. दुसऱ्या बाजूवर पुन्हा तेच कौतुक. तिसऱ्या कॅसेटची रेघ वर चढवताना मरिव्हिकचा हात थांबला. मग तिने ती चढवलीच. त्यात विनवणी नव्हती. तातय जपमाळ म्हणत होता. खरोखरच म्हणत होता, एकेक शब्द नीट. त्यानंतरच्या प्रत्येक कॅसेटवर जपमाळच होती. तो परत आला तेव्हा मरिव्हिकला नोकरी लागलेली होती.

सांगायचं कुणाला, आणि कशासाठी? नानाय या वयात ते घेऊन कुठे जाणार? पण तिसरी कॅसेट पुढे करणं म्हणजे त्या माणसाला पुन्हा एकदा गप्प बसवणं होतं, हेही तिला दिसत होतं.

तिने तिसरी निवडली.

"बाकीच्यांचं काय?" रोमेलने विचारलं.

"शेवटी खरखर आहे. वाढवली की तीच वाढते."

संध्याकाळी तिने नानायला ऐकवलं. आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा, कुठेही टोचणारा नाही. जपमाळ सुरू झाली तशी नानायने डोळे मिटले. ओठ हलत राहिले.

"बघ," संपल्यावर ती म्हणाली. "इथे कसा स्वच्छ म्हणतोय. सुरुवातीला चाचरायचा. लाजत असेल."

"असेल," मरिव्हिक म्हणाली.

"मीच त्याला धीर दिला. टेपवर सांगितलं, आम्हाला ऐकू येतं म्हणून."

"हो नानाय. ऐकलं मी."